ऑफसाईड, हँड आणि सायकलवाल्यांचं डोपिंग: कट्ट्यावर नेहमी निघणारे प्रश्न

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की गॅलरीत बसलेला प्रत्येक जण रेफरी असतो. जुलैत टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल रेस टीव्हीवर लागली की त्यातलीच निम्मी पोरं संध्याकाळी सायकलच्या विषयावर भांडत बसतात, कारण आता पेठेपेठेत पहाटे उठून पन्हाळा नाहीतर जोतिबा मारून येणारी मंडळी झालीत. प्रश्न मात्र दरवर्षी तेच ते, आणि उत्तरं दरवर्षी नव्यानं चुकीची. म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. पटलं नाही तर मिसळ खाताना बोलू.

ऑफसाईड म्हणजे नेमकं काय ते एकदाचं सांगा की.

आपल्या माणसानं बॉल खेळला त्या क्षणी तुम्ही समोरच्या टीमच्या हाफमध्ये असाल, बॉलच्या पुढं असाल आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढं असाल, तर तुम्ही ऑफसाईड पोझिशनला. शेवटून दुसरा मोजताना गोलकीपर पण धरायचा, पण तोच शेवटचा असेल असं काही नाही, कीपर पुढं आलेला असला तर मागं दोन डिफेंडर लागतात. १९२५ च्या आधी समोर तीन माणसं लागायची, मग दोन केली. बरोबरीत असेल तर ऑनसाईड, हे १९९० पासून. हात धरत नाहीत, डोकं, अंग आणि पाय एवढंच.

सगळी बोंब होते ती "खेळला त्या क्षणी" या शब्दांवर. गॅलरी बघते ती पास मिळालेल्या माणसाकडं, आणि तोवर तो चार पावलं पळून गेलेला असतो म्हणून तो मैलभर पुढं दिसतो, मग "ए लाईनमन झोपलास काय" सुरू. पण लाईनमनचं काम बघा, त्याला शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत राहायचंय आणि त्याच वेळी तीस मीटरवर कुणाच्या बुटाला बॉल लागला तेही बघायचंय. माणसाला दोन डोळे असले तरी ते एकाच दिशेला बघतात. एकदा गॅलरी सोडून त्याच्या मागं जाळीजवळ उभं राहून मॅच बघा, निम्म्या शिव्या आपोआप कमी होतील.

ऑफसाईडला उभा आहे म्हणजे झेंडा वर गेलाच पाहिजे ना?

नाही. नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. त्यानं बॉल खेळला पाहिजे, कीपरच्या नजरेच्या आड आला पाहिजे, डिफेंडरला आडवा गेला पाहिजे, किंवा पोस्टला लागून परत आलेल्या बॉलचा फायदा घेतला पाहिजे. म्हणून लाईनमन कधी कधी थांबून झेंडा वर करतो आणि लोकांना वाटतं की बेंचवरून ओरडल्यावर केला.

थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यातून थेट आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतं. हे माहीत नसलेली माणसं पण जोरात ओरडतात.

डिफेंडरला लागून आला की ऑफसाईड संपलं ना?

अर्धवट बरोबर. डिफेंडरनं ठरवून बॉल खेळला, म्हणजे त्याला वेळ होता, बॉल नीट दिसत होता, पास करायची किंवा क्लिअर करायची संधी होती आणि तरी त्यानं घोळ घातला, तर ऑफसाईड संपलं. नुसता अंगाला लागून वळला तर नाही संपलं. आणि गोलमध्ये जाणारा बॉल कुणी अडवला, कीपर असो नाहीतर डिफेंडर, तरी नाही संपलं. यातलं "ठरवून" ठरवणं रेफरीच्या हातात आहे, त्यामुळं हा वाद कधी मिटेल अशी आशा ठेवू नका.

बॉल हाताला लागला म्हणजे हँड. यात कसला वाद?

भावा, इथंच तर सगळा वाद आहे. हाताला लागला की हँड हा नियम कधीच नव्हता. मुद्दाम हात किंवा दंड बॉलकडं नेला तर हँड. किंवा हात असा ठेवलाय की शरीर विनाकारण मोठं झालंय, म्हणजे त्या हालचालीला हात तिथं असायचं कारणच नाही, तर हँड. पळताना हात हलतातच, उडी मारताना वर जातातच, म्हणून प्रत्येक वेळी "शरीर मोठं केलं" होत नाही. खांद्याचं पण ठरलंय: काखेच्या खालच्या रेषेपर्यंत खांदा, तिथून खाली हात. ही रेषा २०२० ला स्पष्ट झाली.

गोल मारणाऱ्याला मात्र वेगळी काठी. बॉल चुकून जरी त्याच्या हाताला लागून थेट गोलमध्ये गेला किंवा लागल्यावर लगेच त्यानंच गोल मारला तर गोल रद्द. २०१९ ला हा नियम आणला तेव्हा त्यात सोबत्याचा हात पण धरलेला, म्हणजे एकाच्या हाताला चुकून लागला आणि दुसऱ्यानं गोल मारला तरी रद्द. त्यावर जगभर एवढी ओरड झाली की २०२१ ला सोबत्याचा भाग काढून टाकला. त्यामुळं तुम्ही आणि तुमचा मित्र दोघं वेगवेगळ्या वर्षीचे नियम घेऊन भांडत असण्याची दाट शक्यता आहे, आमच्यात हे दर हंगामात होतं.

मग उरुग्वेच्या सुआरेझनं २०१० ला हातानं गोल अडवला ती चीटिंग नव्हती का?

दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्ड कप, उरुग्वे आणि घानाची क्वार्टर फायनल, एक्स्ट्रा टाइमचा शेवटचा क्षण, घानाचा हेडर गोलमध्ये चाललेला आणि सुआरेझनं गोललाईनवर दोन्ही हातांनी बॉल बाहेर ढकलला. रेड कार्ड मिळालं, पेनल्टी मिळाली. म्हणजे नियमात जी शिक्षा होती ती पूर्ण झाली. घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली, मॅच टायब्रेकरच्या पेनल्ट्यांवर गेली आणि उरुग्वे जिंकलं. आमच्यातला एक जण अजून म्हणतो की असा बॉल सरळ गोल धरला पाहिजे. माझं मत विचाराल तर त्यानं गुन्हा केला आणि दंड भरला, राग काढायचा तर नियमावर काढा. १९८६ ला मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं मारलेला गोल ही खरी चीटिंग, कारण तिथं दंड कुणी भरलाच नाही.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारा सहायक, आल्यावर हे सगळं संपायला पाहिजे होतं ना?

२०१८ ला व्हीएआर नियमपुस्तकात आला तो चारच गोष्टींसाठी: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवलं गेलं तर. त्यातही चूक उघड दिसणारी पाहिजे. आपल्याकडं मोबाईलवर शूट केलेला व्हिडिओ घेऊन लोक रेफरीकडं जातात, त्याचा काही उपयोग नाही.

पण सगळ्या जगानं बघितलं की चूक झाली, तरी निकाल का बदलत नाहीत?

फुटबॉलचा कायदाच तसा आहे. खेळातल्या घटनेवर रेफरीचा निर्णय अंतिम, आणि एकदा खेळ परत सुरू झाला की मागं जाता येत नाही, व्हीएआरची ठरावीक सूट सोडली तर. २०१० च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा बॉल क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगला आत पडला, गोल दिला नाही, इंग्लंड ४-१ नं हरलं. निकाल आज पण ४-१ च आहे. त्यातून फायदा झाला तो पुढच्यांना, २०१२ ला गोललाईन टेक्नॉलॉजीला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्ड कपला ती वापरली.

सायकलमध्ये बरोबर उलटं. तिथं रेस संपून दहा वर्षं झाली तरी निकाल बदलू शकतो. फुटबॉलवाला "अन्याय झाला" म्हणून रडतो आणि सायकलवाला "आज जिंकलेला खरंच जिंकला का" म्हणून झोपत नाही. दोघांचं एकमेकांना कळत नाही ते यामुळं.

गोलकीपर हातात बॉल धरून किती वेळ बसू शकतो?

आठ सेकंद, २०२५-२६ च्या हंगामापासून. जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून मोजून दाखवतो. आधी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किकची शिक्षा होती, पण ती कुणी देतच नव्हतं.

थ्रो-इन थेट गोलमध्ये गेला तर?

समोरच्या गोलमध्ये गेला तर गोलकिक, स्वतःच्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर. गोल नाही.

पेनल्टी मारताना पाय घसरून बॉलला दोनदा लागला तर?

मार्च २०२५ ला अ‍ॅटलेटिकोच्या अल्वारेझचं रेआल माद्रिदविरुद्ध टायब्रेकरला हेच झालं, गोल रद्द झाला आणि टीम बाहेर गेली. नंतर नियम करणाऱ्यांनी स्पष्ट केलं की चुकून दोनदा लागला आणि गोल झाला तर पेनल्टी परत मारायची. मुद्दाम दोनदा मारला तर आधीसारखंच, टायब्रेकरला ती वाया. अल्वारेझला अर्थात काही परत मिळालं नाही.

आता सायकल. तिथं सगळेच बंदी असलेली औषधं घेतात, म्हणजे डोपिंग करतात, असं म्हणतात, खरं काय?

"सगळेच" हा शब्द कट्ट्यावर ठीक आहे, पुराव्यात चालत नाही. पण लोक असं का म्हणतात ते समजून घ्या. १९६७ च्या टूरमध्ये टॉम सिम्पसन मॉं व्हाँतूच्या चढावर सायकलवरून कोसळून मेला, अंगात अ‍ॅम्फेटामाइन निघालं. १९९८ ला टूर सुरू व्हायच्या तोंडावर फेस्टिना टीमच्या गाडीत बॉर्डरवर औषधांचा साठा सापडला, मग हॉटेलांवर पोलिसांच्या धाडी, टीमच्या टीम घरी गेल्या. १९९६ च्या टूरचा विजेता ब्यार्न रीसनं २००७ ला स्वतः कबूल केलं. २००६ ला लँडिस जिंकला आणि टेस्टोस्टेरॉनमध्ये सापडला. २००७ ला रासमुसेन पिवळ्या जर्सीत, म्हणजे टूरमध्ये सगळ्यांच्या पुढं, असताना त्याच्या टीमनंच त्याला काढून घेतलं, कारण टेस्टवाल्यांना त्यानं आपला ठावठिकाणा खोटा सांगितलेला. आणि वर सात टूर जिंकलेला अमेरिकेचा आर्मस्ट्राँग. एवढं बघितलेला माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

ईपीओ म्हणजे काय आणि त्यानं एवढा फरक कसा पडतो?

ईपीओ हे आपल्या किडनीतच तयार होणारं हार्मोन, ते हाडांच्या आत लाल पेशी वाढवायचा हुकूम देतं. किडनीच्या पेशंटसाठी औषध म्हणून बनवलं आणि सायकलवाल्यांनी उचललं. लाल पेशी वाढल्या की स्नायूंना ऑक्सिजन जास्त.

वाघबीळवरून पन्हाळ्याचा घाट चढलेल्यांना हे लगेच कळेल. पहिल्या वळणाला सगळे गप्पा मारत असतात, मग बोलणं बंद होतं, मग पाय थांबायच्या आधी श्वास संपतो. तिथं दोन-चार टक्के जादा ऑक्सिजन मिळाला तर ज्याच्या मागं आपण फरफटत चाललोय त्याला सोडून पुढं जाता येतं. तीन आठवड्यांच्या रेसमध्ये डोंगरातल्या दिवसांना असे तीन-चार घाट, म्हणजे हिशोब करा.

धोका असा की रक्त घट्ट होतं आणि गुठळी व्हायची भीती. ईपीओ पकडणारी टेस्टच नव्हती, म्हणून १९९७ ला सायकल संघटनेनं मर्यादा घातली की रक्तात लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर पंधरा दिवस रेसमध्ये सायकल चालवायची नाही. झालं काय, तर लोकांनी ४९ पर्यंत न्यायला सुरुवात केली. १९९९ ला जिरो, म्हणजे इटलीची टूरसारखीच रेस, जिंकायला आलेला इटलीचा पँतानी ५२ ला सापडला आणि रेस संपायला दोन दिवस असताना बाहेर.

आर्मस्ट्राँगच्या एवढ्या टेस्ट झाल्या, मग सापडला कसा नाही?

एक तर १९९९ ला पहिली टूर जिंकली तेव्हा ईपीओची टेस्ट अस्तित्वातच नव्हती. त्याच टूरमध्ये त्याच्या लघवीत स्टेरॉइड निघालं, तर जुन्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन पुढं केलं, खोगीर घासून झालेल्या जखमेला मलम लावलं म्हणून. टेस्ट आल्यावर थोडा थोडा डोस नसेतून, म्हणजे सकाळपर्यंत खुणा कमी. स्वतःचंच रक्त काढून ठेवून परत चढवायचं. अमेरिकन डोपिंगविरोधी एजन्सीच्या रिपोर्टमधला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही: १९९८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला टेस्टवाला येऊन बसलाय आणि टीमचा डॉक्टर रेनकोटच्या आत सलाईनची पिशवी लपवून त्याच्या समोरून खोलीत गेला, रक्त पातळ करायला.

शेवटी त्याला लॅबनं नाही, माणसांनी पकडलं. अकरा माजी सहकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं. ऑक्टोबर २०१२ ला १९९९ ते २००५ ची सातही टायटल गेली आणि जानेवारी २०१३ ला टीव्हीवर त्यानं कबुली दिली. म्हणून "कधी पॉझिटिव्ह आला नाही" हे वाक्य ऐकलं की सायकलवाले हसतात.

मग ती सात टायटल दुसऱ्या नंबरवाल्यांना का नाही दिली?

कुणाला देणार? त्याच्या शेजारी पोडियमवर उभे राहिलेल्यांची नावं काढून बघा, बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या प्रकरणात आलेत. उलरिक तीनदा त्याच्या मागं दुसरा आला, त्यानं पण नंतर कबूल केलं. म्हणून त्या सात वर्षांपुढं विजेत्याची जागा मोकळी आहे. लँडिसचं टायटल मात्र परेरोला दिलं आणि काँतादोरचं २०१० चं अँडी श्लेकला.

हा ब्लड पासपोर्ट काय प्रकार आहे?

औषध शोधण्याऐवजी औषधाचा परिणाम शोधायचा. २००८ पासून प्रत्येक रायडरचं रक्त वर्षभर अधूनमधून तपासतात, हिमोग्लोबिन किती, नवीन लाल पेशी किती, याची नोंद ठेवतात. लाईटबिलासारखं आहे हे. शेजाऱ्याचे युनिट किती याच्याशी देणंघेणं नाही, पण तुमचेच दर महिन्याला शंभर येतात आणि अचानक एका महिन्यात वीस आले तर वायरमन मीटर बघायला येणारच. रक्त बाहेरून चढवलं की शरीर नवीन पेशी बनवायचं कमी करतं, ते नोंदीत दिसतं. अगदी बारीक डोस घेणारा यातून निसटू शकतो, पण रीसच्या काळातले आकडे आता कुणाला परवडत नाहीत.

आताचा टूर जिंकणारा पोगाचार एवढा जोरात जातो, काहीतरी असणारच ना?

हा प्रश्न दर जुलैत, आणि विचारणारा प्रत्येक वेळी डोळा मारून विचारतो.

संशयाला कारण काय ते आधी. २०२४ ला प्लातो द बेयच्या चढावर त्यानं पँतानीचा १९९८ चा वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडला. पँतानीचा काळ कसला होता ते वर लिहिलंय. मग माणूस म्हणणार की औषधवाल्या काळापेक्षा हा स्वच्छ माणूस जोरात कसा?

आता दुसरी बाजू. सायकली हलक्या आणि हवा कापणाऱ्या झाल्यात, टायर बदललेत, तासाला शंभर-एकशेवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलायला रायडर शिकलेत, पूर्वी एवढं कुणी खात नव्हतं. चढाच्या पायथ्यापर्यंत सोबत्यांनी कसल्या स्पीडनं आणलं, वारा कुठला होता, यावर मिनिटं इकडची तिकडं होतात. आणि टीव्हीवरच्या टायमावरून लोक "किलोला इतके वॉट" काढतात तो अंदाज असतो, मोजमाप नाही. पोगाचार आजपर्यंत एकाही टेस्टमध्ये सापडलेला नाही, त्याच्याविरुद्ध कुणी सोबती उभा राहिलेला नाही, पोलिसांची धाड नाही.

मग मी काय म्हणतो? शंका घ्या, खुशाल घ्या, या खेळानं तो हक्क आपल्याला दिलाय. पण "घेतोच तो" म्हणायला काहीतरी हातात पाहिजे. जो माणूस ऑफसाईडला "कुठल्या क्षणी, दाखव" म्हणून रेफरीची कॉलर धरायला निघतो, तोच सायकलवाल्याला घड्याळ बघून फाशी देतो, हे मला झेपत नाही. आणि उलट बाजूनं, "टेस्ट निगेटिव्ह म्हणजे स्वच्छ" असं छातीठोक सांगणाऱ्यानं आर्मस्ट्राँगवालं उत्तर परत वाचावं.

सायकलमध्ये मोटर बसवतात हे खरं का?

एकदा पकडलंय. जानेवारी २०१६, बेल्जियममधली सायक्लोक्रॉस (चिखलमातीतली सायकल रेस) वर्ल्ड चॅम्पियनशिप, फेमके व्हान डेन ड्रिशच्या सायकलच्या नळीत मोटर निघाली. सहा वर्षं बंदी. आता टूरमध्ये सायकली एक्स-रे करून बघतात. पन्हाळ्याला आपल्याला ओव्हरटेक करून गेलेल्या काकांची मात्र ई-बाईकच असते, ते लपवत पण नाहीत.

चुकून पोटात गेलं असं सांगितलं तर सुटतात का?

क्वचित. नियम असा की तुमच्या अंगात निघालं म्हणजे जबाबदारी तुमची, कसं आलं ते तुम्ही सिद्ध करायचं. काँतादोर म्हणाला मांसातून आलं, क्लेनब्युटेरॉल अगदी कणभर होतं, तरी २०१२ ला टायटल गेलं. आपल्या नरसिंग यादवचं आठवत असेल, २०१६ ची रिओ ऑलिम्पिक, खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं, इथं क्लीन चिट मिळाली आणि रिओत खेळांच्या लवादानं कुस्तीच्या आधी चार वर्षं बंदी घातली. तालमीतालमीत त्यावर किती दिवस चर्चा चालली होती ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. उलट टूर जिंकलेल्या फ्रूमच्या दम्याच्या पंपाचं प्रमाण २०१७ ला मर्यादेच्या वर निघालं आणि २०१८ ला त्याला मोकळं केलं, त्यावर निम्मं सायकलजग अजून चिडून आहे.

फुटबॉलमध्ये डोपिंग नाहीच का मग?

आहे की. १९९४ च्या वर्ल्ड कपमधून मॅराडोना एफेड्रिनमुळं घरी गेला. फ्रान्सचा पोग्बा २०२३ ला सापडला, आधी चार वर्षांची बंदी बसली, मग लवादानं ती दीड वर्षावर आणली. २००६ ला स्पेनमध्ये रक्ताच्या पिशव्या सापडल्या त्या डॉक्टर फुएंतेसनं कोर्टात सांगितलं की त्याच्याकडं सायकलवाल्यांशिवाय फुटबॉलवाले पण यायचे. नाव मात्र सायकलचं खराब झालं. याचं एक कारण मला असं दिसतं की सायकलवाल्यांनी शोधलं म्हणून त्यांना सापडलं.

आपल्या पोरांनी यात लक्ष घालायचं काही कारण आहे का?

चांगलंच आहे. २०२३ ला पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत पॉझिटिव्हचं प्रमाण सगळ्यात जास्त भारताचं होतं, ३.८ टक्के. म्हणजे पोगाचारकडं बोट दाखवताना आपलं घर पण बघायला पाहिजे. जिममधला कुणीतरी दिलेला लेबल नसलेला डबा, मॅचच्या आधी "एक इंजेक्शन मारून घे" म्हणणारा ओळखीचा, मेडिकलमधून विचारून आणलेलं सर्दीचं औषध, यातलं काहीही लघवीत निघू शकतं. बरं, औषध खरंच लागत असेल तर आधी रीतसर परवानगी मागायची सोय आहे, आणि नाडाचं, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचं, औषध तपासायचं अ‍ॅप आहे. जो पोरगा राज्याकडून किंवा क्लबकडून वर खेळायची स्वप्नं बघतोय त्याच्या मोबाईलमध्ये ते पाहिजेच.

नियमपुस्तक मिळतं कुठं?

फुटबॉलचे नियम करणाऱ्या आयएफएबीच्या वेबसाईटवर फुकट आहे, अ‍ॅप पण आहे. इंग्रजीत आहे पण भाषा सोपी आहे. नवीन बदल साधारण १ जुलैपासून लागू होतात, म्हणजे आपला हंगाम सुरू व्हायच्या आत वाचायला भरपूर वेळ मिळतो. अकरा नंबरचा नियम ऑफसाईडचा, बारावा फाऊल आणि हँडचा. दोन्ही मिळून एका चहात वाचून होतात.